नाना खिंडीपर्यंत जातात

डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी नानांनी दात घासायच्या ब्रशचा दांडा सुपारीच्या अडकित्त्याने कापून टाकला. दोन बोटांत कसाबसा मावेल एवढाच तुकडा ठेवला. कापलेला दांडा तळहातावर घेऊन खालीवर केला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नऊ ग्रॅम. नऊ ग्रॅम कसाले वाह्यचे डोंगरावर?"

मग कांदे सोलून ठेवले, कारण सालीचं वजन. शेंगा फोडून दाणे तेवढे घेतले, टरफलाचं वजन. खजुराच्या बिया काढल्या. सदऱ्याचं सगळ्यात वरचं बटण ते कधी लावत नाहीत, म्हणून ते तोडून खिडकीत ठेवलं. मिशीला कात्री लावायला आरशासमोर गेले, बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत आले. "मिशी काही बॅगेत नसते," असं म्हणाले.

नाना म्हणजे माझे जेठ, माझ्या मालकांचे थोरले भाऊ. आमचं गाव फैजपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. सगळा केळीचा मुलूख. नानांनी तीस-पस्तीस वर्षं केळीच्या काट्यावर मापाड्याचं काम केलं. घड उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा ओरडायचा. पुढे पुढे काटा नुसता नावाला राहिला. घड हातात आला की नाना आधी आकडा सांगायचे आणि काटा मागून तोच आकडा दाखवायचा.

काम सुटलं तरी हात काही सुटला नाही. कुणी बाळ मांडीवर दिलं तर लोक नाक-डोळे कुणासारखे ते बघतात, नाना म्हणतात, "चार किलो शंभर." एकदा गल्लीतली एक सून बाळ घेऊन आली. नानांनी ते तळहातांवर घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "मागच्या पंधरवड्यात दोनशे ग्रॅम जास्त होतं. आजच दवाखान्यात ने." सून रागावली, पण गेली. बाळाला दूध पचत नव्हतं. तेव्हापासून गल्लीतल्या बाया बाळ आधी नानांकडे आणतात.

कुणी लग्नाची पत्रिका दिली की वाचायच्या आधी ते ती हातावर घेतात. "पाऊणशे ग्रॅम! पोरीचं लग्न हाये का विटाचं?" कुणी लांबण लावून काही सांगायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "वजन सांग, गोष्ट मागून सांग."

आमच्या केळीच्या मुलखातला हा माणूस डोंगरावर जाताना केळं घेत नाही. केळ्यात साल फार. ते सुकेळी घेतात, केळी सोलून उन्हात वाळवलेली. विचारलं तर म्हणतात, "केळ्याचं पाणी घरीच ठेवलं. पाणी डोंगरावर भेटतं."

त्यांच्या खाटेवर भिंतीला एक कागद लावलेला आहे. त्यावर त्यांनी निळ्या पेनाने सातपुडा काढला आहे. पाल, मनुदेवी, उनपदेव आणि पार तिकडे तोरणमाळ. एका दमात ही सगळी रांग पायी चालायची, हा त्यांचा बेत. वाटेवर गावागावांमध्ये आकडे लिहिले आहेत. मी आधी समजले की कोस असतील. ते पाणी होतं. अमक्या गावापासून तमक्यापर्यंत माणूस किती किलो पाणी पितो, असं ते अंतर मोजतात. "मनुदेवी काही लांब नही. चार किलो पाणी." त्या मोठ्या चालीसाठी माझ्या मुलाने पुण्याहून पाठीवरची मोठी बॅग पाठवली, कमरेला पट्टा असलेली. नानांनी पहिल्याच दिवशी तिचे लोंबणारे पट्टे, चेनींचे गोंडे, कंपनीचं लेबल, सगळं कापून काढलं. मुलाने फोनवर किंमत सांगितली. नाना म्हणाले, "किंमत नको सांगू. आता ती हलकी झाली शंभर ग्रॅमनं."

हे सगळं मी नानांकडून ऐकलं असं नाही. नाना माझ्याशी बोलत नाहीत, मी नानांशी बोलत नाही. भांडण नाही. जेठाशी बोलायचं नसतं, एवढंच.

त्यात गंमत अशी की आधी आम्ही बोलायचो. नानांची बायको ही माझी सख्खी थोरली बहीण, अक्का. तिचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मेहुणी म्हणून मी त्यांना फार छळलं. लग्नात त्यांच्या पिशवीत कपड्यांखाली मी वरवंटा लपवला. त्यांनी पिशवी उचलली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "सव्वादोन किलो वाढलं. हा वरवंटा कोन्या पोरीचा हाये?" मी पळाले. नऊ वर्षांनी त्यांच्याच धाकट्या भावाशी माझं लग्न झालं. हळद लागली आणि माझे दाजी माझे जेठ झाले. त्या दिवसापासून पदर पुढे आला आणि बोलणं थांबलं. एकोणतीस वर्षं झाली.

एका घरात राहायचं, चहा द्यायचा, जेवण वाढायचं आणि बोलायचं नाही, हे वाटतं तेवढं अवघड नसतं. आमच्या ओसरीला एक लाकडी खांब आहे. मी खांबाला म्हणायचे, "चहा झाला." नाना खांबाला म्हणायचे, "साखर कमी टाक म्हना." कधी कधी अक्का मध्ये उभी राहून हसायची. "एवढं मोठं माणूस माझ्या रूपानं उभं हाये आन् तुम्ही लाकडाशी बोलता!" तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या मुलाला तिनेच वाढवलं. अक्का होती तोवर त्या खांबाची काही फार गरज पडत नसे.

अक्का जाऊन चार वर्षं झाली.

आमचं दोघींचं माहेर पहिल्या डोंगरापलीकडे, पठारावर. गाडीने लांबून वळसा घालून जावं लागतं, दोन गाड्या बदलाव्या लागतात. पायवाटेने खिंड चढून उतरलं की एका दिवसाचं काम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात. झाडाझाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस खातात. आम्हा दोघींना न्यायला आमचा भाऊ यायचा आणि परत आणायला नाना यायचे, पायी. अक्का गेल्यावर मी माहेरी गेले नाही. घरात बाई मी एकटीच उरले, हे कारण सांगायला बरं पडत होतं.

नाना मात्र दर आखाजीला जायला लागले. बॅग बांधायची, पहाटे निघायचं. "मोठ्या चालीचा सराव होतो आन् मायले भेटनं बी होतं," असं खांबाला सांगायचे. माय म्हणजे माझी आई, त्यांची सासू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायचे आणि पुन्हा खांबाला, "तिकडे सगळे बरे हायेत. घरावर नवे पत्रे टाकले. दुसरी म्हैस घेतली. माय बेचाळीस किलो भरली."

पहिल्या वर्षी मी आनंदाने भावाला फोन केला. "नाना येऊन गेले ना?" भाऊ म्हणाला, "कोन नाना? अठी कोनी नही आलं." मी त्याला म्हटलं, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. पत्रे मात्र खरोखर नवे टाकले होते आणि म्हैसही खरोखर घेतली होती.

नाना कुठे जातात, हे मला कुणाला विचारता येईना. मालकांना सांगितलं तर ते सगळ्या गल्लीत सांगतील. नानांना विचारणं शक्य नव्हतं. आणि खांबाला काही माहीत नव्हतं.

यंदा आखाजीच्या आधी मायचा फोन आला. ती आता खाटेवरून फारशी उठत नाही. म्हणाली, "जवायाले एक डाव घेऊन ये. पुढची आखाजी मी काही पाह्यत नही. बठ्ठे येतात, तो येत नही."

मी "हो" म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ज्या माणसाला एकोणतीस वर्षांत "ऊन लागेल" एवढंही म्हटलं नाही, त्याला सोबत घेऊन जायचं होतं.

मालकांना सांगितलं, मला यंदा माहेरी जायचं आहे, नाना जातातच, त्यांच्या मागोमाग जाते. मालकांचे गुडघे धरलेले, त्यांना डोंगर नकोच होता. त्यांनी ओसरीत जाऊन सांगितलं, "नाना, ही बी येते म्हनते."

नाना बॅगेचा बंद कापत होते. त्यांचा हात थांबला. मग खांबाकडे पाहून म्हणाले, "सामान किती? आन् भाकर शंभर ग्रॅमच्या वर नको म्हना."

मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मुद्दाम जाड थापल्या. उपाशी चालवायचा बेत असेल तर तो त्यांचा, माझा नव्हता. नानांनी भाकर तळहातावर घेतली. "चाळीस ग्रॅम जास्त," म्हणाले आणि बॅगेत ठेवली.

पहाटे निघालो. नाना पुढे, मी वीसेक पावलं मागे. त्यांच्या पाठीवर ती निळी बॅग, छातीवर पट्टा, कमरेला पट्टा, हातात काठी. माझ्या डोक्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्यात मायला लुगडं, कुरडया, शेवया, भावजयीला बांगड्या. केळीचे मळे संपले, ओढा लागला, ओढ्याच्या कोरड्या वाळूतून वाट वर चढली. सागाची पानं गळून गेली होती आणि पायाखाली पापडासारखी मोडत होती. मोहाला तेवढी नवी तांबूस पालवी होती.

खांब घरी राहिला होता. पहिला चढ येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. मग नाना थांबले, मान मागे न वळवता पाठीवरच्या बॅगेला म्हणाले, "बॅग, मागच्या मानसाले सांग, पुढचा दगड हलता हाये."

मी दगड टाळला. पुढे परत, "बॅग, विचार, पानी पाह्यजे का?" मला पाहिजे होतं. मी बांगड्या वाजवल्या. नानांनी बाटली वाटेवरच्या दगडावर ठेवली आणि दहा पावलं पुढे जाऊन उभे राहिले. मी प्यायले, बाटली परत दगडावर ठेवली आणि दहा पावलं मागे गेले. अशा रीतीने आम्ही एक किलो पाणी चाललो.

घसरणीची एक जागा आली. नुसती मुरमाड माती, पाय ठरत नव्हता. नाना वर पोचले आणि वळले. हात देता येत नव्हता. त्यांनी काठी लांबवली. मी काठीचं टोक धरलं आणि वर आले. वर आल्यावर त्यांनी काठी तशीच धरून ठेवली, पुटपुटले, "पावनेसात. गाठोडं पावनेसात किलोचं हाये." मी घरी तराजूत घालून पाहिलं होतं. पावणेसातच होतं. ते धापा टाकत होते, मी टाकत नव्हते. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढच्या वळणावर बॅगेला म्हणाले, "तुले एवढे पट्टे हायेत, काय कामाचे? मागचं मानूस डोक्यावर घेऊन चाललं आरामात." मला हसू आलं. पदरात हसले.

ऊन चढलं तशी वाट कातळाची झाली. खाली आमचा मुलूख दिसायला लागला. केळीचे हिरवे तुकडे आणि मध्ये कापसाची मोकळी काळी रानं. मी एवढ्या उंचावरून चार वर्षांत पाहिलं नव्हतं. पूर्वी अक्का माझ्या पुढे असायची, सारखी मागे वळून म्हणायची, "चाल ना वं, आंबे संपतील." आता पुढे निळी बॅग होती.

दुपार व्हायच्या सुमारास खिंडीत पोचलो. तिथे अंजनाचं झाड आहे, खाली सपाट दगड. नानांनी बॅग उतरवली आणि दगडावर बसले. घरातल्या नेहमीच्या जागेवर माणूस बसतं तसे बसले. मी इकडे तिकडे पाहिलं. झाडाच्या बुंध्याशी तीन दगडांची चूल होती, काळी झालेली. शेजारी सुकेळीची जुनी कागदी पुडकी, दगडाखाली नीट दाबून ठेवलेली. फांदीला जुन्या पंच्याची चिंधी. खाली उतारावर, पुढच्या पठारावर, माझं माहेर दिसत होतं. पत्र्यांवर ऊन चमकत होतं.

तेव्हा मला कळलं. नाना दर आखाजीला इथपर्यंत येत होते. इथून पुढे नाही.

नाना बॅगेला म्हणाले, "बॅग, सांग तिले. अठून उतार हाये, वाट सरळ हाये. तासाभरात घर येतं. मी अठीच थांबतो."

मी गेले नाही. गाठोडं उतरवलं आणि त्यांच्याकडे अर्धी पाठ करून खाली बसले. बॅग आमच्या मध्ये. नानांनी दाणे खाल्ले. मी भाकर खाल्ली. ते उठतील म्हणून मी बसले, मी उठेन म्हणून ते बसले. सावली झाडाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली.

शेवटी तेच बोलायला लागले. खाली बघत, बॅगेला सांगत होते. "ते तिसरं घर आपलं. पत्रे दोन सालापूर्वी टाकले. म्हैस त्या बाभळीखाली बांधतात. ऊन कललं की माय काठी घेऊन बाहेर यायची. मागच्या साली आली नही, खाटच बाहेर काढली."

मग म्हणाले, "बेचाळीस किलो मी आपलं मनानं सांगलं. एवढ्या दुरून वजन कळत नही."

ते आणखी हळू बोलायला लागले.

"शेवटच्या आखाजीले मी ह्या दोघींले न्यायले आलो तवा मायनं मले म्हटलं होतं. जवाई, माझी मोठी पोर बारीक दिसून राह्यली. मी हासलो. म्हटलं, माय, आताच्या साड्या हलक्या येतात, त्याच्यानं वाटतं तसं. बठ्ठे हासले. चार महिन्यांनी जळगावच्या दवाखान्यात तिले काट्यावर उभं केलं. छत्तीस. डॉक्टर म्हने, किती दिवसांपासून कमी होऊन राह्यलं? मले सांगता नही आलं. गल्लीतल्या पोरांचे दोनशे ग्रॅम मले कळतात. माह्या घरात सोळा किलोचं मानूस कमी झालं. मी तिले कधी उचललंच नही. कधी हात धरून पाह्यला नही. आता कोन्या तोंडानं खाली उतरू?"

त्यांनी बॅगेवरची धूळ झटकली. धूळ नव्हती.

मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी चार वर्षं गिळून बसले होते. घरातले ब्लाऊज मीच शिवते. अक्का पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "जरा आत घे वं, ढिलं होतं." मी घेतलं. दोन महिन्यांनी परत. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तेव्हा तिने त्यांना दोरा बांधला. मी म्हटलं, अक्का, नानांना सांग. ती म्हणाली, "त्यांले कसाले घोर लावतं? आन् तू बी काही बोलू नको." मी कुठे बोलणार होते? मी तर नानांशी बोलतच नव्हते. त्या वेळी ते मला किती सोयीचं वाटलं होतं.

मी पदर मागे सारला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मिशी पूर्ण पांढरी झाली होती.

"मले माहीत होतं, नाना," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "तिचे ब्लाऊज मीच आत घेतले. चार डाव."

नानांनी बॅगेकडे पाहिलं, जणू ती बोलली. मग बॅग उचलून आमच्या मधून बाजूला ठेवली.

"किती आत घेतलं?"

"पहिले एक बोट. मग आनखी एक. एकून चार बोटं."

मी हाताची चार बोटं जोडून दाखवली. नाना त्या बोटांकडे बघत राहिले. त्यांनी त्याचं वजन सांगितलं नाही.

"तू त्या खांबाले जरी सांगलं असतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. खालून गाण्याचा आवाज यायला लागला होता. पोरी झोक्यांवर जमल्या असतील. वारा फिरला की आवाज यायचा, परत जायचा.

मी उठले. गाठोडं डोक्यावर घेतलं. "चला. मायनं तुम्हाले घेऊन ये म्हटलं हाये. मी एकटी गेले तर ती विचारंल, जवाई कुठी हाये. मग मले परत काहीतरी लपवा लागंल. माझ्यानं ते आता होत नही."

आणि मी चालायला लागले. मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर धीर सुटला असता. बराच वेळ नुसता माझ्याच चपलांचा आवाज येत होता. मग काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मागून नाना म्हणाले, "हळू चाल. उतारावर गाठोडं पुढं ओढतं."

मला सांगितलं. बॅगेला नाही.

गावात शिरलो तेव्हा झोक्यांवरच्या पोरी गायच्या थांबल्या. गावच्या लेकीच्या मागे तिचा जेठ, तोही असा निळी बॅग बांधून, हे त्यांनी पाहिलं नसेल. मायची खाट अंगणात होती. भाऊ धावत आला, गाठोडं उतरवून घेतलं. नाना बॅगेसकट खाटेजवळ गेले आणि वाकले. वाकताना बॅग डोक्यावरून पुढे आली आणि ते जवळजवळ मायच्या पायांवर पडले. पोरी हसल्या.

मायने डोळे बारीक केले. "कोन, जवाई का?"

"हो माय."

"माझी एक पोर गेली," माय म्हणाली. "मंग जवाई कसाले गेला?"

नानांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "माय, तुम्ही सांगलं तवा मी हासलो होतो."

"मले याद हाये," माय म्हणाली. "तुम्ही हासले आन् मी आत जाऊन पोया लाटत बसली. मी तरी तिचा हात धरून डॉक्टरकडे नेलं का?" आणि भावजयीला हाक मारली, "अवं, जवायाची बॅग उतरव. पाय धुवायले पानी दे. आंबे पिळायले घ्या."

एवढंच. चार वर्षं ज्याची भीती होती ते एवढ्यात झालं. नाना पाय धुवून ओट्यावर बसले, पण त्यांचं बसण्यात लक्ष नव्हतं. ते झोक्यांकडे बघत होते. आखाजीच्या दिवशी ते कधीच इथे आलेले नव्हते. जावई सण झाल्यावर न्यायला यायचे. पोरी माहेरी कशा असतात, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. एकेक बाई, दोन-दोन पोरांची आई, पदर खोचून उभ्याने झोका घेत होती आणि ओरडत होती.

मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. ते म्हणाले, "अक्का कोन्या झोक्यावर बसायची?"

मी त्यांना घेऊन गेले. घराच्या मागे, वळणावर मोठा निंब होता. सगळ्यात उंच झोका त्याचाच. आता तिथे सिमेंटची पाण्याची टाकी आहे. निंब टाकीसाठी तोडला. मला ते माहीत होतं, तरी मी त्यांना तिथेच नेलं, कारण जागा तीच होती.

"अठी?"

"अठी. तठून पाय देऊन सुरू करायची, त्या कुंपणापासून. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राह्यचो. मी भ्यायची. ती म्हने, भिऊ नको, मी हाये ना समोर."

"किती वर जायची?"

मी हात उंच केला. तेवढा पुरेना, टाचा उचलल्या. "शेंड्याच्या पानाले पाय लावायची. मंग खाली येताना हासायची. पार वेशीपर्यंत ऐकू जायचं."

नाना मान वर करून बघायला लागले. टाकीच्या वरती, जिथे फांदी असायची तिथे, नुसतं संध्याकाळचं आभाळ होतं. ते तिथे नीट बघत होते, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, जसा झोका जातो आणि येतो.

अंगणातून माय हाका मारत होती, रस तयार झाला, या लवकर. आम्ही दोघांनीही ऐकलं. आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.